महाराज गाडी का विकत होते

आमचे महाराज धोतर गुडघ्यापर्यंत खोचून स्पोर्ट्स कारमध्ये उतरायचे. बसायचे नाहीत, उतरायचेच! ती लाल, दोन दारांची गाडी मुळातच बुटकी, त्यात स्प्रिंगा बदलून त्यांनी ती आणखी दोन बोटं खाली घेतलेली. अमरावतीत पूजा सांगणारा हा सत्तरीचा माणूस लोकांच्या नव्या गाड्यांखाली लिंबं ठेवायचा, स्वतःच्या गाडीला मात्र कधी हळदकुंकू लावलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तिले कायले? मी बसतो ना रोज तिच्यात!" कप्पाळ!

मी शेजारचा शाळामास्तर. रोज सकाळी मला शेजारी बसवून ते अकोला रस्त्याला एक चक्कर मारून यायचे. माझा दिवस त्या चकरेनंच सुरू व्हायचा. अशात एक दिवस म्हणाले, "विकतो गाडी. जाहिरात लिहून दे." का, ते सांगेनात.

जाहिरातीत त्यांनी मला एकही बदल लपवू दिला नाही. सायलेन्सर, स्प्रिंगा, चाकं, सगळं लिहायला लावलं. काढलेले मूळ भाग पोथीसारखे लाल फडक्यात बांधून ठेवले होते, ते प्रत्येक गिऱ्हाइकापुढे सोडून दाखवायचे. "जिचं हाय तिले परत भेटलं पायजे," म्हणायचे.

पण "का विकता?" या प्रश्नाला दर वेळी नवं उत्तर. अकोल्याच्या वकिलाला सांगितलं, ठेवायला जागा नाही. दुसऱ्याला म्हणाले, पोरगा ओरडतो. अहो, महाराजांना पोरगाच नव्हता! तिसऱ्याच्या वेळी शनी आडवा आला. आणि तिघांनाही शेवटी, "आज मुहूर्त नाई." यांना विकायची आहे की नाही, तेच मला कळेना. ती जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

मग दर्यापूरकडून फुलशेती करणारी एक बाई आली. गाडीभोवती फिरली, आवाज ऐकला, चपला बाहेर काढून आत बसली. म्हणाली, "महाराज, इतका जीव लावला गाडीले, मंग कावून विकून राह्यले तुमी?"

महाराज म्हणाले, "दिसत नाई, बाई. एक डोया गेला, दुसरा चालला. सालभर या मास्तरच्या डोयावर चालवली."

रोज सकाळी "समोर काय हाय, सांगत राय" म्हणायचे, ते मी आपलं गप्पा मारणं समजत होतो! त्याच दुपारी कागदांवर सह्या झाल्या, लाल गाठोडंही तिच्या स्वाधीन झालं आणि गाडी गेली. मला राग आला होता, वर्षभराच्या चकरांची भीती आत्ता वाटत होती आणि रडूही येत होतं. "परक्या बाईला सांगितलंत, मला नाही?" मी म्हणालो.

त्यांनी चाचपत माझा खांदा धरला. "तुले सांगतलं असतं, तं तू शेजारी बसला असता का?"

महाराजांना जाऊन दोन वर्षं झाली. बसलो असतो की नसतो, अजून माझं मला सांगता येत नाही.