काठीखाली न लिहिलेलं नाव

मुक्ता, निखिल,

तुम्ही दर सुट्टीत माझ्याकडून ऐकायचात ती संग्रहालयाची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली आहे. यशोदाआजी गेली तेव्हा तुम्ही दोघं फोनवर म्हणालात, ‘आजी, तिची ती तलवारीची गोष्ट पुन्हा सांग ना,’ आणि मी लाइन नीट नाही असं सांगून फोन ठेवला. लाइन चांगली होती. त्याला आता तीन आठवडे झाले. उरलेली अर्धी गोष्ट मी आज लिहून काढते आहे. तुमच्यासाठी लिहिते आहे आणि पुरवणीतही छापायला देते आहे, कारण तिच्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसं या जिल्ह्यात आहेत. त्यांनीही ती वाचावी.

बातमी तिच्या मुलीनं, सुजातानं दिली. सकाळी दूध तापवत होते. ‘मावशी, आई गेली,’ एवढंच ती म्हणाली, आणि मी वेड्यासारखं विचारलं, ‘कुठे?’ तीन दिवसांपूर्वीच मी सावंगीच्या दवाखान्यात तिला भेटून आले होते. उद्या येते, असं तिला सांगून निघाले होते आणि गेले नव्हते… का गेले नाही, ते पुढे येईल.

यशोदा माझी विद्यार्थिनी. मी नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन वर्ध्याला आले आणि वर्षभर नॉर्मल स्कूलमध्ये शिकवलं. मास्तरीण होऊ पाहणाऱ्या मुलींत ती सगळ्यांत मागे बसायची, भिंतीला पाठ न लावता. माझ्याहून चारच वर्षांनी लहान. तिचे वडील रोहण्याच्या बाजूच्या एका खेड्यात येसकर होते. येसकर म्हणजे गावाचा राखणदार, हरकाम्या. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, सारा तालुक्याला पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं, कुणाच्या घरी मौत झाली की गावोगाव सांगायला जायचं आणि बदल्यात दारोदार भाकर मागायची. हातात घुंगरं बांधलेली काठी असायची. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन ते परतले, चावडीच्या भिंतीला काठी टेकवून ठेवली आणि घरी जाऊन बायकोला म्हणाले, आजपासून भाकर मागाची नाई. दुसऱ्या दिवसापासून ते परक्याच्या वावरात मजुरीला जाऊ लागले. यशोदा तेव्हा गावच्याच शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच लागली होती.

याच सुमारास वर्ध्यात आमच्या ओळखीच्या एका वकीलसाहेबांनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं होतं. प्रांताचा इतिहास आपल्या माणसांना दिसावा, ही त्यांची मनापासूनची तळमळ. ते खेडोपाडी हिंडून नाणी, ताम्रपट, कोरीव दगड, जुनी मापं गोळा करत. तुमचे आजोबा त्यांच्याकडे ज्युनिअर होते, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून प्रत्येक वस्तूखालचं कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं. पेन्सिलीनं रेघा मारायच्या, वर इंग्रजी, खाली मराठी, मग रेघा खोडून टाकायच्या. त्या कामाचा मला फार अभिमान होता. एक दिवस एका खेड्यातून एक घुंगुरकाठी आली. मी कार्ड लिहिलं: ‘येसकराची काठी’, आणि खाली देणगी म्हणून त्या गावच्या पाटलांचं पूर्ण नाव. ती कुणाच्या हातातली काठी, हे मी विचारलं नाही.

सत्तावन सालच्या थंडीत यशोदा शाळेची अठरा-वीस पोरं घेऊन आली. छोट्या गाडीनं पुलगावपर्यंत, तिथून मोठ्या गाडीनं वर्धा. पोरांनी स्टेशनवर नळाखाली डोकी भिजवून भांग पाडले होते. वकीलसाहेब कोर्टात होते म्हणून मीच त्यांना फिरवलं. नाण्यांपाशी पोरं कंटाळली, तलवारीपाशी जागी झाली. तेवढ्यात कोपऱ्यातून एक पोरगी ओरडली, ‘बाई, हे तं आपल्या चावडीतली काठी व्हय!’

सगळी तिकडे धावली. ‘बाईच्या बाबाची व्हय ते,’ दुसरा म्हणाला. ‘मी पाह्यली ना. खालचं घुंगरू तुटेल हाय.’ कुणीतरी फिदीफिदी हसलं. यशोदा हसली नाही, रागावलीही नाही. तिनं वाकून कार्ड वाचलं. वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ ती वाकलेली होती. मग पोरांकडे वळून म्हणाली, ‘होय, माझ्या बाबाची आहे. ही काठी घेऊन ते आर्वीपर्यंत पायी जायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. तुमच्यापैकी कोण जाईल?’ कुणी हात वर केला नाही. त्या पहिल्या पोरीचं, चंद्रीचं, लक्ष मात्र कार्डावरच होतं.

‘बाई, इथं तं पाटलाचं नाव हाय.’

‘त्यांनी दिली ना संग्रहालयाला,’ मी म्हणाले. ‘जो देतो त्याचं नाव लिहायचा नियम आहे.’

‘मंग त्या तलवारीखाली तलवारवाल्याचं काऊन लिवलं? त्यानं आनून देल्ली का?’

तुम्हाला मी गोष्ट इथपर्यंत सांगायचे आणि तुम्ही खो खो हसायचात. तलवारीखाली खरोखरच त्या सरदाराचं, त्याच्या बापाचं आणि आजाचं नाव मी सुरेख वळणात लिहिलं होतं. मीही तेव्हा हसले होते, पोरगी हुशार आहे म्हणाले होते. पोरं अंगणात चिवडा खायला बसली तेव्हा यशोदा माझ्याजवळ आली. नॉर्मल स्कूलच्या त्या वर्षभरात तिनं माझ्याकडे साधं पुस्तकही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, ‘ताई, बाबाचं नाव लिहा ना तिथं. आता ते काठी धरणार नाहीत. पण धरली होती, ते कुणाला तरी ठाऊक राहावं.’

मी म्हणाले, वकीलसाहेबांना विचारते.

विचारलं नाही. तुमच्या आजोबांच्या साहेबांपुढे हा विषय काढायचा संकोच वाटला, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. सरदाराचं नाव कार्डावर शोभतं आणि येसकराचं शोभणार नाही, असं मला आतून वाटत होतं. एवढं शिकून, एवढं वाचून मला ते वाटत होतं. महिन्याभरानं ती भेटली तेव्हा मी म्हणाले, ‘विचारलं गं. ते नाही म्हणाले.’ ती म्हणाली, ‘बरं ताई.’

त्यानंतर पन्नासएक वर्षं आमची मैत्री टिकली. तिचं लग्न, माझी बाळंतपणं, तिची हेडमास्तरकी, आजोबांचं जाणं… प्रत्येक वेळी ती दारात उभी. बोरगावला तिनं घर बांधलं तेव्हा पहिला चहा मला पाजला. तुम्ही आलात की हुरड्याच्या दिवसांत ती तुम्हाला वावरात घेऊन जायची. काठीचा विषय तिनं कधी काढला नाही, आणि मला वाटलं, विसरली.

सावंगीला त्या दुपारी ती उशीला टेकून बसली होती. आवाज अगदी बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, ‘ताई, एक सांगू का? राग नका मानू. तुमी वकीलसायबाले इचारलंच नोतं.’

मी तिच्या उशाशी ठेवलेला पेला उगाचच सरकवला.

‘दुसऱ्या साली मी पोरं घेऊन पुन्हा गेलती. तुमी बाळंतपणाले माहेरी होत्या. मी सोताच इचारलं त्यायले. ते म्हणे, मले कोनी बोललंच नाई, लिहा ना, काय हरकत हाय. दौतही समोर ठेवली त्यायनं.’

‘मग तू का नाही लिहिलंस, यशोदा?’

‘चंद्रीनं तुमाले इचारलं होतं ना, मले थोडी.’ तिनं दम घेतला. ‘मले वाटलं, आज ना उद्या तुमी लिहसान. वाट पाह्यली मी.’

एवढं बोलून तिनं पाणी मागितलं आणि निखिलची परीक्षा कधी आहे ते विचारलं. मी क्षमा मागायला हवी होती. मी तिच्या पांघरुणाची घडी सारखी केली, उद्या येते म्हणाले आणि घरी आले. उद्या काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढत बसले, दोन दिवस. वाक्यं खोडत होते, पुन्हा लिहीत होते. तिसऱ्या दिवशी सुजाताचा फोन आला.

तेराव्या दिवशी मी वकीलसाहेबांच्या पुतण्याकडे गेले. साहेब जाऊन कितीतरी वर्षं झाली. दोन खोल्यांत आता भाडेकरू आहेत. तलवार आणि नाणी मोठ्या संग्रहालयानं मागेच नेली. काठी त्यांनी घेतली नाही. ती वाळवीनं खाल्ली आणि घुंगरं मोडीत गेली, असं पुतण्या म्हणाला. कार्डांचा गठ्ठा मात्र एका पत्र्याच्या डब्यात होता. त्यातलं ते कार्ड मी मागून आणलं. दौत घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की मला यशोदाच्या वडिलांचं नाव ठाऊक नाही. पन्नास वर्षं मी त्यांना ‘तुझे बाबा’ म्हणत आले. सुजातालाही नक्की सांगता येईना, सगळे त्यांना आबाच म्हणायचे. शेवटी तिनं आईची पेटी उघडली.

कार्डावर मी काही लिहिलेलं नाही. ज्या काठीखाली ते लिहायचं, ती काठीच नाही. कार्ड पाटलांच्या नावासकट माझ्या टेबलाच्या खणात आहे. सुजाताजवळ त्या पेटीतून निघालेला यशोदाचा नॉर्मल स्कूलचा दाखला आहे, घडीवर थोडा फाटलेला. त्यावर तिचं माहेरचं नाव आहे, आणि तिच्या नावापुढे वडिलांचं, अजून स्वच्छ वाचता येतं असं: सोनबा.