आईला मिठाच्या खोलीत नेलं

मंडळी, आज डोकं चालेनासं झालंय.

आईला दमा आहे. कुणीतरी सुचवलं म्हणून सकाळी तिला पेणला मिठाच्या खोलीत नेलं. जमिनीवर मीठ, भिंतींना मीठ. अर्धा तास नुसतं बसून श्वास घ्यायचा. आई बसलीच नाही. पूर्वी मिठागरात कामाला असताना करायची तसं पायाखालचं मीठ सारखं करत राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "हलकं वाटतंय." मग गाडीत एकदम, "मिठानं दमा जातो, तर तुजा बापूस जनमभर मिठागरात राबून दम्यानीच कसा गेला गो?"

 दम्याचा पंप तर तिनं सकाळीच घेतला होता, मग हलकं कशानं वाटलं?

आता जेवताना विचारतेय, "परत कंदी नेशील? त्या खोलीतलं मीठ अर्धंच सारखं झालंय."

नेऊ का? आणि कशासाठी?