घाबरायला शिकवणाऱ्या तपासणीकाकू

तपासणीकाकू भयंकर घाबरट. गॅस बंद केला की तीनदा बघणार, कुलूप लावलं की लोंबकळून ओढणार. कारखान्यात तयार यंत्रं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, म्हणून भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये त्यांना हेच नाव पडलं. "माझी सही झाली की यंत्र बाहेर जातं," त्या म्हणायच्या. "पुढे त्याच्याजवळ कोण उभं राहणार, ते मला दिसत नाही ना गं."

आमची क्वार्टर्स समोरासमोर. मी कॉलेजात होते आणि बस चालवायच्या एका कम्प्युटर गेमसाठी मॉड बनवायचे, म्हणजे मूळ खेळात स्वतःची भर: नवे रस्ते, नव्या बस. काकांना हा खेळ मीच शिकवला होता. निवृत्तीनंतर ते रोज दुपारी बस चालवत. ते गेल्यावरही काकू दुपारी खेळ उघडायच्या, त्यांनी उभी करून ठेवलेली बस बघायच्या आणि बंद करायच्या.

मी अरेरा कॉलनी ते नेहरू नगर असा रस्ता बनवला.

"जुन्या, साठवलेल्या खेळावर घालून पाहिलास?" काकूंनी विचारलं.

"नव्यावर एकदम बढिया चालतोय, काकू!"

"मी जुन्याचं विचारतेय."

मी हसण्यावारी नेलं आणि मॉड इंटरनेटवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी, काकांच्या बसला भोपाळचा रस्ता मिळू दे म्हणून, काकूंना न सांगताच त्यांच्या कम्प्युटरवरही घातला.

खेळ उघडला. बस नव्हती. काहीच नव्हतं. काकांनी साठवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. स्वयंपाकघरातून कपांचा आवाज येत होता आणि मी वेड्यासारखी फाइल शोधत होते. पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात काकू ट्रे घेऊन आल्या. पडद्याकडे बघत राहिल्या.

"हे कुठेत?"

मॉड घातल्याचं मी सांगून टाकलं. ट्रे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "किती जणांनी घेतलाय?"

"साठेक."

"आधी काढ तो. रडायचं मग."

मॉड काढला. काकू शेजारी बसल्या आणि मी एकेकाला कळवलं. बरेच जण वाचले. दोघांचं सगळं गेलं होतं. त्यातल्या एकानं शिव्या घातल्या. काकांची बस काही परत आली नाही.

काकू मला त्यावरून कधी रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटे. पुढच्या आठवड्यात मी तोच रस्ता दुरुस्त करत असताना त्या आपण होऊन आल्या, खुर्ची ओढून तपासायला बसल्या. बस भिंतीवर घालायच्या, खेळ साठवताना मध्येच वीज बंद करायच्या. तो एक रस्ता तीन महिने अडवून धरला त्यांनी.

मग त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. पुढचा मॉड मी एकटीनं तपासला, तरी इंटरनेटवर सोडवेना. फोन लावला.

"सगळं तपासलंय, काकू. तरी पोटात गोळा येतोय."

"मग सोड," काकू म्हणाल्या. "गोळा नाही आला, तर मात्र एक दिवस थांब."