गच्चीतला हिरवा पूल

आमच्या घरी स्विमिंग पूल आहे. शिवाजी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर, गच्चीत. (हसू नका. दोन डबल बेड शेजारी शेजारी लावावेत तेवढाच आहे. पण पूल तो पूलच!)

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. हे म्हणाले, "चारचौघांत हाफ पँटवर? शक्य नाही!" मग मी लोखंडी पायांचा प्लॅस्टिकचा पूल ऑनलाइन मागवला. हे रोज त्यात चालायला लागले, गुडघा वाकायला लागला. मग आम्ही थोडे दिवस नाशिकला लेकीकडे राहून आलो आणि बघतो तर काय, पूलभर पालकाची पातळ भाजी!

"मी ह्यात पाय घालणार नाही," हे म्हणाले. "ह्याला लसणाची फोडणी दे."

एवढ्यात तळपदे वर आले. तळपदे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, राहायला बरोब्बर आमच्या खाली. "वहिनी, डास होतील. महिनाअखेर हे पाणी गटारात गेलं पाहिजे!"

"एवढं पाणी गटारात? गच्ची माझी, पूल माझा! आहे तेच पाणी स्वच्छ करून दाखवते, बघाच तुम्ही!"

आधी तुरटी फिरवली. सकाळी सगळा गाळ तळाला आणि वर काचेसारखं पाणी! हे इतके खूश झाले, की मी "थांबा!" म्हणेपर्यंत काठीसकट आत. पुन्हा पालक.

मग क्लोरीनची पावडर टाकली. पाण्याचा हिरवा रंग गेला आणि त्याचं ताक झालं. आता हे गाळायचं म्हणून फिल्टरचा पंप आणला. पाइप मीच जोडला. (प्लंबर कशाला? मी घरातले मिक्सर दुरुस्त केलेत!) बटण दाबलं, पाइप सुटला, सापासारखा उसळला आणि कठड्यावरून थेट खालच्या गॅलरीत! तिथे तळपदे तुळशीला पाणी घालत होते.

"अरे, कोण ताक ओततंय?" खालून आरोळी आली.

"ताक नाही, प्रगती आहे ती!" मी कठड्यावरून ओरडले. "कालपर्यंत हिरवं होतं!"

"मी कमिटी घेऊन वर येतो!"

"या! चहा टाकते!"

राहिला होता गढूळपणा. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं, शेवाळ परत येऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद, म्हणजे ते निळं कॉपर सल्फेट, टाका. चिमटीने माझं आयुष्यात कधी भागलेलं नाही. मी मूठभर टाकलं. इकडे पंपही वठणीवर आला आणि पाणी असं लख्ख झालं, की तळाची नक्षी दिसायला लागली! मग मी इरेला पेटले. समोरच्या बिल्डिंगनेही बघावं म्हणून रोज सकाळी ह्यांच्याबरोबर पाण्यात उतरून डोक्यापासून डुबक्या मारायला लागले. हे मला काहीतरी सांगू बघायचे, पण त्या दिवसांत मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

महिनाअखेर तळपदे कमिटी घेऊन हजर. मी ओल्या केसांनी, कमरेवर हात ठेवून पुलाशी उभी. "शोधा! शेवाळाचा एक कण सापडला, तर आत्ताच्या आत्ता पूल रिकामा करते!"

सगळे ओणवे झाले. पाण्यात नाक बुडेल इतके. पंप तपासला, कोपरे चाचपले. काही नाही! मी विजयाने मान उडवली. तळपदे सावकाश सरळ झाले आणि कितीतरी वेळ भर उन्हात माझ्या डोक्याकडे बघत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "सापडलं."

मोरचुदाने माझे पांढरेशुभ्र केस कोवळ्या कैरीसारखे हिरवे झाले होते! (ह्यांचं काय बिघडणार? ह्यांना टक्कल आहे.)

पूल मी रिकामा केलेला नाही. मी पाण्याबद्दल बोलले होते, डोक्याबद्दल नाही! आणि परवा पार्कात कॉलेजच्या दोन मुलींनी मला थांबवून विचारलं, "आजी, कुठल्या पार्लरमध्ये केलंत हो?"

पत्ता मी दिलेला नाही. तळपदे पुन्हा ओरडतील.