विंचू गोंदलेला हात

दर दिवाळीआधी आसेगावची गोजराबाई घराची मागची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायची आणि त्यानंतर चार दिवस तिचा मुलगा इंद्रभान जेवायचा नाही. आता तो छत्तीस वर्षांचा झाला होता. बोलायचा नाही. कोळसा घेऊन वर्षभर त्या भिंतीवर काहीबाही काढत राहायचा. गोजराबाईच्या लेखी ती घाण होती. सणाला घर स्वच्छ नको? त्या रेघांकडे तिनं कधी धड पाहिलंसुद्धा नाही. बाई कामाची, पाहत बसायला तिला सवड कुठली!

त्या वर्षी तिचे गुडघे धरले, म्हणून पोतारायला शेलूबाजारहून तिची मुलगी निता आली. मातीत भिजवलेलं फडकं घेऊन ती मागे गेली आणि तशीच उभी राहिली.

“माय, इकडं ये. हा हात कोनाचा हाय, पाह्य बरं.”

गोजराबाई कुरकुरत गेली. भिंतीवर एक लहान पोर होतं. त्याच्या दोन्ही कानांशी डफडी होती, डोक्याहून मोठी. एका बाईनं त्याचे हात मागे घट्ट धरले होते. बाईला चेहरा नव्हता. मनगटावर विंचू होता.

तिनं आपलं मनगट पाहिलं. लग्नाआधी गोंदलेला विंचू फिका पडला होता, पण नांगी स्पष्ट होती.

“लहानपनापासून हेच काढते तो,” निता म्हणाली. “विंचू मले आज दिसला.”

इंद्रभान सात वर्षांचा असताना कोणीतरी सांगितलं होतं, डफड्यापुढे बसवा, वाचा फुटते. सल्ला द्यायला लोकांचं काय जातं? पाच मंगळवार तिनं त्याला देवळातल्या डफड्यापुढे नेऊन बसवलं. तो कान झाकायला जायचा, ती त्याचे हात ओढून धरायची. मायेपोटीच धरायची, हेही खरं.

“लेकरा, मले वाटलं तू बोलशीन,” ती भिंतीशी बसलेल्या इंद्रभानला म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर निताच्या हातातल्या फडक्यावर होती. इतकी वर्षं तो सांगत होता आणि आपण दर दिवाळीला पुसत होतो, या विचारानं गोजराबाईला हुंदका आवरेना.

“नको पोतारू,” ती निताला म्हणाली.

पाडव्याला गायगोधनाची, म्हणजे सजवलेल्या गाईंची, मिरवणूक डफडी वाजवत दाराशी आली. इंद्रभाननं कान झाकले. “उघड ते कान, लोकं पाहून राह्यले,” म्हणत गोजराबाईचा हात सवयीनं पुढे गेला. मनगटावरचा विंचू दिसला आणि ती थांबली. मग तिनं उठून दार लावलं, फटीत गोधडी कोंबली.

त्या वर्षी गाईला ओवाळायचं राहून गेलं. इंद्रभान दोन भाकरी जेवला. भिंतीवरचा हात अजून तसाच आहे.