यशवंतची जुनी वायर

आमच्या यशवंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काहीच टाकवत नाही. गाझियाबादच्या दोन खोल्यांत जुने चार्जर, पंख्याची पाती, बंद पडलेली इस्त्री, सगळा पसारा. "लागेल गं कधीतरी," म्हणतो. पुलगावहून इकडे आलो त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि मी एकोणीस वर्षं चिडतेच आहे.

तो एका खासगी हॉस्पिटलात दुर्बिणीच्या तपासणीचा टेक्निशियन आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे नवं मशीन आलं, बारीकसारीक सगळं स्पष्ट दाखवणारं. पण त्याची वायर भिंतीवरच्या पडद्यापर्यंत पोचेना. तिच्या जागी यशवंतने घरी जपून ठेवलेली जुनी लांब वायर जोडली आणि चित्र आलं. साहेबांनी पाठ थोपटली. घरी येऊन त्याने मला ते दोनदा सांगितलं.

पुढच्या वर्षी मला शौचावाटे रक्त जायला लागलं, म्हणून आतड्याची तपासणी तिथेच केली. रिपोर्ट स्वच्छ. मी मूळव्याध समजून औषधं घेत राहिले.

रक्त थांबेना, म्हणून गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी केली. या वेळी नव्या डॉक्टर होत्या, क्षिप्रा. मी जागी होते, पडदा समोरच. त्या मध्येच थांबल्या. "यशवंतजी, नई मशीन की पिक्चर इतनी धुंधली क्यों है?" मग त्यांची नजर वायरकडे गेली. "ये तो पुराने टीवी वाली है!"

यशवंतने बाजूच्या खोलीतून दुसरा पडदा ढकलत मशीनजवळ आणला, मशीनची स्वतःची वायर लावली. जिथे आत्ता नुसती गुलाबी भिंत होती, तिथे चपटी गाठ दिसली, पोळीवरच्या न फुगलेल्या जागेसारखी.

"दो साल पहले भी थी क्या?" यशवंतने कसंबसं विचारलं.

"हो सकता है. चपटी गांठ ऐसी पिक्चर में छूट जाती है."

गाठ काढली. आठ दिवसांनी कळलं, कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवर होती. मी वाचले. त्याला चांगलं झापायचं ठरवलं होतं, पण त्याचं तोंड बघून धीर झाला नाही.

तीन वर्षांतल्या सगळ्या पेशंटना परत बोलवायचं ठरलं. फोन करायचं काम यशवंतने मागून घेतलं. रविवारी यादी घेऊन, फोन स्पीकरवर टाकून बसला, मी शेजारी. सातव्या नंबरावर एक बाई बोलली.

"किसकी जाँच, भैया? उन्हें गए चार महीने हो गए. आंतों का कैंसर था. आपके यहाँ तो रिपोर्ट साफ़ आई थी."

मी फोन घ्यायला हात पुढे केला, त्याने दिला नाही.

"बहनजी, वो वायर मैंने लगाई थी," तो म्हणाला.

"कौन सी वायर, भैया?" ती विचारत राहिली.