पाहुण्यांच्या ताटातली बुरशी

बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्याला मी बुरशी खाऊ घातली. मुद्दाम नाही, अभ्यासाच्या नादात.

मी बुलढाण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो (बुरशी ही वनस्पती नव्हे, हे तासभर सांगून वर्गाला झोपवतो). पावसाळ्यात देऊळघाटच्या आमच्या शेतात, मेलेल्या शेवग्याच्या ओंडक्यावर कानासारखी तपकिरी, लिबलिबीत बुरशी उगवलेली दिसली. मी हरखलोच! अशा बुरश्या दिसायला सख्ख्या बहिणी, पण कुळं निरनिराळी. खरी ओळख सूक्ष्मदर्शकाखालीच पटते. उघडीप मिळताच मी ती गच्चीवर आईच्या बाजेवर सुकवली आणि तिच्याच डब्यात भरली. आता आमच्या घरचा कायदा असा, की बाजेवर जे वाळतं ते आईचं.

रविवारी धाकट्या सुनंदाला पाहायला शेगावचे पाहुणे आले. मुलगा सुनंदाला फोटोतच आवडला होता, त्यामुळे सगळ्यांचे श्वास अडकलेले. पंगत बसली. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो, तर डबा रिकामा.

"आई, याच्यातलं कुठं गेलं?"

"वाळलेले वांगे? भिजू घातले, मस्त फुगले. भाजी केली. काऊन, तुले नाही पुरली?"

"ती वाढू नको."

"आता? पाव्हण्यायनं दोनदा मागून घेतली."

पाहुण्यांच्या पोटात नेमकं काय गेलं होतं, देव जाणे! पातेल्यातला तुकडा वाटीत घेऊन मी वर माझ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाकडे धावलो. खाली मुलाचे वडील आमचं कूळ विचारत होते, वर मी भाजीचं शोधत होतो! बीजाणू धरणाऱ्या पेशी बेचक्यासारख्या असल्या तर एक कूळ, उभ्या चिरलेल्या असल्या तर दुसरं, आडव्या पडद्यांच्या असल्या तर कानबुरशी, जी लोक हौसेने खातात. आधी दिसली मोहरी. मग हळद. शेवटी एकदाचे आडवे पडदे दिसले!

आनंदाच्या भरात मी जिन्यावरूनच ओरडलो, "काही होत नाही! बुरशी आहे, पण खायची आहे!"

बैठकीतला अडकित्ता थांबला. सुनंदाने डोळे मिटले. मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "आमाले कुठं मालूम होतं, काही होऊन राह्यलं म्हून?"

मग ते पोट धरून हसले. ते पोट हसण्यामुळेच धरलंय ना, हे मी बराच वेळ निरखत होतो.

लग्न ठरलं. आई मात्र मांडवात भेटेल त्याला सांगत होती, "आमचं पोरगं लई शिकलं. भाजी पचल्यावर वळखते."